बाबांचा उजवा पाय

बाबा गाडी चालवायला ट्रॅक्टरवर शिकले आणि हाताखाली कार आली तरी त्यांनी तिला ट्रॅक्टरसारखंच चालवलं. क्लच सोडायच्या आधी उजव्या पायाने अर्धं अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायचं, इंजिन चांगलं गुरगुरलं की मग क्लच सोडायचा. धानाच्या बांधीतल्या चिखलातून ट्रॅक्टर काढायला हे ठीक होतं. आमची जुनी डिझेल कार इतकी सुस्त होती की तिने ही सवय निमूट सोसली. त्याच गाडीने बाबा तुमसरच्या बाजारात जात, गावातल्या कुणाचे पाहुणे बसथांब्यावरून आणून देत, आणि दरवर्षी भाऊबीजेला डिकीत नव्या तांदळाचं पोतं टाकून एकटेच नाकाडोंगरीला आत्याकडे जात.

गाडीचा सुस्तपणा मला सोसवत नव्हता. मी नागपूरला नोकरीला, घरी येणार रविवारपुरता. एकदा बपेऱ्याच्या रस्त्यावर धानाची पोती लादलेल्या टेम्पोने आम्हाला मागे टाकलं आणि वर त्याच्या ड्रायव्हरने हसून हात केला. बाबाही हसले. मला मात्र झोंबलं. त्याच आठवड्यात मी ऑनलाइन ट्यूनर मागवला. मोबाइलपेक्षा जरा जाड यंत्र, छोटा पडदा, चार बटणं. त्याची वायर स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावली की ते गाडीच्या कॉम्प्युटरमधली मूळ मांडणी वाचून आपल्यापाशी जपून ठेवतं आणि तिच्या जागी नवी भरतं. डिझेल किती आणि कधी फवारायचं, पायाच्या किती दाबाला इंजिनाने किती जोर द्यायचा, सगळं त्यात येतं.

रविवारी दुपारी बाबा जेवून लवंडले होते तेव्हा मी हा उद्योग केला. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. बाबांसाठीच करतोय असं मी स्वतःला सांगत होतो, ते साफ खोटं होतं. तलावाच्या पाळीपर्यंत एक चक्कर मारून आलो. पाय टेकवला की गाडी सुसाट. मी खूश होऊन किल्ली खुंटीला अडकवली. चहाच्या वेळी बाबांना सांगू म्हटलं, तर चहाला गावातले दोघं येऊन बसले आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला बसथांब्यावर सोडणार होते. मी बॅग घेऊन पायरीवर उभा होतो. गाडी अंगणात, तोंड तणसाच्या ढिगाकडे. आई गायीसाठी तणस उपसत होती. बाबांनी नेहमीसारखं अर्धं अ‍ॅक्सिलरेटर दाबलं, इंजिन किंचाळलं, आणि क्लच सुटताच गाडी उडी मारून सरळ ढिगात घुसली. आई कवळीभर तणस उचलून नुकतीच गोठ्याकडे वळली होती. दोन पावलं. तेवढंच अंतर. ती घाबरून खालीच बसली, तिला खरचटलंसुद्धा नाही.

बाबा उतरले, आधी तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवून पाहिला. मग उभं राहून आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

"माहा पायच ऐकून नाही राह्यला," ते म्हणाले.

आवाज ऐकून शेजारचे काका धावत आले होते. "वय झालं ना गा आता," ते म्हणाले.

माझ्या तोंडात एकच वाक्य होतं. ते बाहेर आलं नाही. आई अजून खालीच बसलेली होती, माणसं जमत होती, आणि त्या घडीला मी बोललो असतो तर आईच्या जिवावर उठलेला मी ठरलो असतो. खरं कारण एवढंच. नंतर शांतपणे सांगू, अशी मी मनाची समजूत घातली. बस चुकलीच होती. सगळे पांगल्यावर मी ट्यूनर लावला आणि मूळ मांडणी परत भरली. दहा मिनिटांचं काम. गाडी पहिल्यासारखी सुस्त झाली.

बाबा मात्र पहिल्यासारखे झाले नाहीत. "चालवून पाहा ना, काही होत नाही," असं मी दर रविवारी म्हणायचो, ते किल्लीला हात लावायचे नाहीत. पाय दाखवायचा म्हणाले, म्हणून मीच त्यांना तुमसरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, चालायला लावलं. "पाय ठणठणीत आहे, आजोबा. वयोमानाने होतं थोडंफार." बाबांनी मान हलवली. येताना सगळ्या रस्त्याने ते पाय चोळत होते आणि मी शेजारी बसून मुकाट गिअर बदलत होतो. इतका भेकडपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी त्यांना नाकाडोंगरीला नेलं. पुढच्या वर्षी मला सुट्टी मिळाली नाही. "राहू दे, तिले फोन केलो मी," बाबा म्हणाले. दोन दिवसांनी आत्याचा मला फोन आला. ती रडत होती. "भाऊ आला नाही गा यंदा. पाय लय दुखते का त्याचा?"

त्या रविवारी मी बाबांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. यंत्र, दुपार, मूळ मांडणी, सगळं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तवाच काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं, बाबा."

"अन् मले नाही वाटलं?" ते म्हणाले. "तुह्या मायकडे पाहिलो का मले तेच दिसते. माह्या हातून मेली असती ते."

मग त्यांनी स्वतःहून किल्ली मागितली. अंगणात जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले, इंजिन सुरू केलं, उजवा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर नेला. पाय टेकेना. गुडघ्यापासून थरथरत होता. त्यांनी मांडी हाताने दाबून धरली, तरी थांबेना. थोड्या वेळाने त्यांनी इंजिन बंद केलं.

"तवा बरोबर होता पाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आता नाही."