फोनवरची धार

आमचा गोठा धायरीत, दोन सोसायट्यांच्या मधोमध. सोसायटीवाल्यांना शेणाचा वास चालत नाही, दूध मात्र ताजं लागतं. असो. बायको गेली, मुलगा बाणेरला राहायला गेला, आणि एकेक जनावर विकत माझ्याकडे शेवटी एकच म्हैस उरली. दिवसभरात मी बोलायचो ते तिच्याशीच. धार काढताना भाजीचा भाव, गुडघ्याचं दुखणं, सुनेचं काय चाललंय, सगळं तिला सांगायचो. गप्प बसलो की बाईसाहेब पान्हा चोरायच्या.

त्या वर्षी कडबा पावसात भिजला. फेकायला जीव होईना, म्हणून वाळवून तोच घालत राहिलो. पेंढी सोडली की पांढरी धूळ उडायची. संध्याकाळी अंगात कणकण, कोरडा खोकला. मी आपला म्हणायचो, हवा बदलली. जिन्यात धाप लागून खालीच बसलो, तेव्हा मुलानं दवाखान्यात नेलं.

"काका, बुरशीची धूळ आहे ही. फुप्फुसं खराब करते," डॉक्टर म्हणाले. "गोठा सोडा, नाहीतर ऑक्सिजन लावून बसाल."

मास्क लावून बघितला, कडब्यावर पाणी मारून बघितलं. खोकला हटेना. शेवटी म्हैस मांजरी गावातल्या एका तरुण गोठेवाल्याला दिली. टेम्पोत चढताना तिनं मागं वळून बघितलं वगैरे काही नाही. मीच घरात येऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "काका, दूध देईना हो. तुम्ही काय करत होता?"

"बोलायचो."

"मग बोला की."

त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. मी सुचेल ते बोलत सुटलो. थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज आला आणि मला भरून आलं. मग रोज दोन वेळा फोन यायला लागला. चहा बाजूला ठेवून मी त्याची वाट बघायचो. मुलाच्या फोनची एवढी कधी बघितली नाही.

एके दिवशी फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. न राहवून मीच लावला.

"आता देती काका. माझ्या हाताची सवय झाली तिला."

"बरं झालं. जरा धरता का तिच्या कानाशी?"

"नको काका. तुमचा आवाज ऐकला, तर परत माझ्या हाताला द्यायची नाही."

खरं होतं त्याचं. बरं म्हणून मी फोन ठेवला.

छाती आता पुष्कळ सुधारली आहे. बोलताना मुळीच दम लागत नाही.