हरवलेल्या म्हशीचं दावं

परतूरच्या शाळेत जायला मी रोज सकाळी वाटूर फाट्यावर एसटीची वाट बघत उभा असतो. त्याच वेळी तिथून साठीतले एक गृहस्थ झपझप जातात. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर म्हैस बांधायचं दावं. टपरीवाला चहाला बोलावतो, तर न थांबता म्हणतात, "बिनसाखरेचा कर, येताना घेतो."

मला त्यांच्या म्हशीचं भारी कुतूहल. रोज सुटते म्हणजे काय! माणसानं एकदा खुंटा तरी पक्का ठोकावा.

परवा ओढ्याजवळ एक मोकाट म्हैस दिसली. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "मामा, तुमची म्हैस तिकडं चरतेय."

ते खुदकन हसले. "म्हैस इकून दोन वर्षं झाली, सर. मला शुगर निघाली. डाक्टर म्हणले, रोज चाला. पण नुसतं चाललं की दारादारात इचारतात, कुठं निघाले, काही काम न्हाई का? दावं असलं की कोणी अडवत न्हाई. उलट वाट दाखवतात."

"मग फरक पडला?"

"पडला ना. रातची एक भाकर कमी केली, अन् चालणं बिलकुल चुकवलं न्हाई. आता शुगर बराबर उतरून राह्यली."

म्हशीसाठी माणूस कोसभर हिंडला तरी गावाला चालतं, स्वतःसाठी चार पावलं टाकली की चौकशी. मी हे मनात घोळवत होतो, तोवर त्यांची नजर माझ्या पोटावर येऊन थांबली होती.

"घरी अजून एक दावं पडून हाये, सर," ते हळूच म्हणाले. "उद्या घेऊन येऊ का?"