बामणघळीतला हॉटस्पॉट

मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातला पहिला. अंगारे-धुपारे आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातून गेले. असले गूढ अनुभव वाचून मी हसणाराच माणूस. पण आता हसता येत नाहीये...

आम्ही रत्नागिरीत मांडवीला राहतो. मे महिन्यात आईला घेऊन हेदवीला मावशीकडे लग्नाला गेलो आणि नेमका त्याच दुपारी शेवटचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. घरून करायची नोकरी — म्हणजे आईला एकटी टाकून पुण्याला जायला नको. लॅपटॉप, डोंगल, दोन सिमं, सगळं बरोबर होतं. मावशीच्या घरात रेंजची एक कांडी नाही!

"बामणघळीकडं जा, तिथं गावते," मावशी म्हणाली.

बामणघळ म्हणजे समुद्रालगतच्या कातळातली अरुंद भेग. भरतीला पाणी आत घुसून उंच उसळतं. कॉलेजात असताना सेल्फीच्या नादात माझा पहिला स्मार्टफोन तिथेच पडला होता. तेव्हा आई म्हणालेली, "रडतोस कशाला? दर्या कुणाचा काय ठेवत नाय."

कातळावर बसलो. स्क्रीनवर ऊन नको म्हणून आईने छत्री धरली. फोनला इथेही रेंज नाही, डोंगलचा लाल दिवा.

"झाला काय चालू?"

"गप गं आई!"

आणि लॅपटॉप आपोआप वाय-फायला जोडला गेला. नाव — 'पहिला गॅज्रुएट'.

हे माझ्या त्या बुडालेल्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव. निकालाच्या आधीच ऐटीत ठेवलेलं, 'ग्रॅज्युएट' लिहिताना चुकलेलं. मित्र अजून 'गॅज्रुएट' म्हणून चिडवतात. लॅपटॉप तेव्हाचाच, पासवर्ड त्यात सेव्ह होता.

"आई, तुझा फोन चालू आहे?"

"माज्या बटनाच्या फोनात कुठला आलाय नेट?"

आसपास चिटपाखरू नाही. फक्त घळ... आणि चढती भरती. तेवढ्यात इंटरव्ह्यू सुरू झाला. मी जीएसटीवर उत्तरं देत होतो, नजर त्या नावावर. पाणी वर येत होतं तशा कांड्या वाढत होत्या.

"गावातून इतकं क्लिअर?" साहेब खूश. "शहरातले उमेदवार सारखे अडकत होते. तुमची काळजी नाही."

कॉल संपला, नाव गेलं. आईला सांगितलं. आधी हसली, "मी म्हटलेलं ना, दर्या ठेवत नाय!" मग छत्री मिटून म्हणाली, "चल. मागं बघू नको."

नोकरी मिळाली. इंजिनिअर मित्र म्हणतो, दुसऱ्या कुणीतरी तेच नाव ठेवलं असेल. तीच चूक करून? तोच पासवर्ड? यावर तो विषय बदलतो.

घरी आता फायबर आहे. सेव्ह केलेल्या यादीत ते नाव अजून आहे. काढून टाकायला बोट जातं आणि थांबतं. कंपनी समजते, माझ्याकडे चांगलं नेट आहे. ते कुणाचं होतं, हे मला अजून माहीत नाही.