शालनची सही

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्याला निम्मं ठाऊक आहे, कारण निम्मं त्याच्या सोयीचं होतं. उरलेलं निम्मं माझं एकटीचं — आणि तेच जास्त घाण आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय. ओळखणारे मला मॅडम म्हणतात.

मी मिरजेच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आठ मार्च जवळ आला की सांगली-साताऱ्यातून कुठून कुठून मला न्यायला गाडी येते. शाल, नारळ, कुंडीतलं एखादं रोप. विषय ठरलेला — बाई आणि सत्ता. आणि भाषण संपलं की एखादी मुलगी उठून विचारतेच: डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या, बाईनं घर सांभाळावं म्हणून सांगणाऱ्या, आणि स्वतः मात्र खुर्चीवर बसलेल्या ज्या पुढारी बायका असतात, त्यांना स्त्रीवादी म्हणायचं का? मी जरा थांबते, पाण्याचा घोट घेते, हसते. मग म्हणते, नाही. टाळ्या पडतात.

हे म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे एकच बाई असते. माझ्या सासरकडची, फलटण भागातली. नाव कशाला — आक्कासाहेब म्हणू. सासरा पुढारी, नवरा पुढारी, आणि जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून ही पुढारी. संक्रांतीला मांडव घालून हळदीकुंकू करते. विधवांना त्यात बोलावणं नाही, आणि भाषणात काय, तर बाई ही घरची लक्ष्मी. तिचं आवडतं वाक्य — लेकीनं माहेरची चोळीबांगडी घ्यावी, वाटणी मागू नये. समोरच्या बायका माना डोलावतात. मला त्या बाईची तिडीक आहे. माईक हातात घेण्याआधी ती नवऱ्याकडे बघते — ते बघणं तर मला सहनच होत नाही. तिची नक्कल मी फार छान करते. सासरी गेले की जेवणं झाल्यावर शालन म्हणायची, वहिनी, आक्कासाहेब करा की. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहायचे. शालन हसून हसून डोळे पुसायची.

शालन माझी धाकटी नणंद. म्हसवडकडे दिलेली. नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी तिला गोठ्यालगतची खोली दाखवली. माझे सासरे वारले तेव्हा वारस दोनच उरले होते, माझा नवरा आणि ती. निम्मी जमीन तिची. हे तिला कुणी शिकवलं? मीच. ओसरीवर बसून, कायदा समजावून. पण ती निम्मं मागतच नव्हती. कालव्याकडेचा तुकडा तेवढा द्या, म्हणायची. दोन खोल्या घालीन, चार मेथीच्या पेंड्या करीन, कुणाच्या दारात ऱ्हायला नको.

आणि मला काय हवं होतं? तोच तुकडा. निवृत्त झाल्यावर तिथं टुमदार घर बांधायचं, व्हरांड्यात खुर्ची टाकून पुस्तक वाचायचं — एवढंच. गरज? गरज काडीची नव्हती. मिरजेत आमचा फ्लॅट आहे. नवऱ्याला सगळीच जमीन हवी होती, पण बहिणीपुढे तोंड उघडायची त्याला हिंमत नव्हती. तो मला म्हणाला, तुझं ती ऐकती. खरंच ऐकायची. मी ते त्याच्यासाठी केलं असं आजवर मनाशी घोळवत आले. तसं नव्हतं.

आमच्याकडे याला हक्कसोड म्हणतात. बहीण नोंदणी कार्यालयात येते, फोटो निघतो, अंगठा होतो, सही होते, आणि वडिलांच्या जमिनीतून तिचं नाव जातं. मग भाऊ साडी घेतो. घरोघरी चालतं. मी त्यावर व्याख्यानं देते — अजून.

त्याच सुमारास शालन निराधार योजनेच्या कागदासाठी आक्कासाहेबांकडे गेली होती. परत आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं, लपवण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतंच. त्या बाईनं कार्यकर्त्यांना बाहेर बसवलं, हिला स्वयंपाकघरात नेलं, जमिनीचं काय झालं ते विचारलं. आणि म्हणाली, "सही करू नगंस कुठं. म्या केली, आन आजपातूर माहेरच्या दारात पाव्हनी म्हणून उभी ऱ्हाती."

ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मांडवात एक आणि चुलीपुढे एक! जे माईकवर बोलायचं ते बोलायची छाती नाही, आणि स्वयंपाकघरात कुजबुज. ढोंगी बाई. हा माझा राग खरा होता. पण त्या खऱ्या रागाचा मी काय उपयोग केला, ते ऐका.

मी शालनला म्हटलं, तिचं काय मनावर घेतेस? उद्या मांडवात उभी राहून तीच म्हणेल, वाटणी मागू नका. तिला भावाबहिणीत भांडण लावून मतं हवीत. मग अगदी मऊ आवाजात सांगितलं, की वारस म्हणून तुझं नाव लागायचं असेल तर नोंदणी कार्यालयात येऊन एकदा सही करावी लागते. भावाचीही होणार, तुझीही होणार. घाबरायचं नाही, मी बरोबर आहे. ती मग म्हणाली, "तुमी म्हनताय म्हंजे बरोबरच आसंल, वहिनी."

वारस म्हणून नाव लावायचं काम तलाठ्याकडे होतं. त्याला फोटो लागत नाही, अंगठा लागत नाही. हे मला पाठ होतं.

शालन सातवी शिकलेली. वाचता येतं तिला. म्हणून नोंदणी कार्यालयात हक्कसोडाच्या कागदाची वरची पानं मी मागे दुमडून धरली, सही करायची जागा तेवढी समोर ठेवली. खिडकीतल्या माणसानं नेमाप्रमाणे विचारलं, मजकूर वाचलाय का, मान्य आहे का? तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, हो. बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यालो. साडी मी आधीच घेऊन ठेवली होती, अबोली रंगाची. तिला फार आवडली.

वर्षभरानं तिनं सातबारा काढला. त्यावर तिचं नाव नव्हतं. ती एसटीनं तडक मिरजेला माझ्याकडे आली — भावाकडे नाही, माझ्याकडे. आता तरी सांगायचं ना? तेव्हा सांगितलं असतं तर काही तरी परत फिरवता आलं असतं. मी म्हटलं, आक्कासाहेबांच्या माणसांनी तलाठ्याकडे काही तरी केलं असेल. 'असेल' म्हटलं मी. शब्द नीट निवडला. भाषणं करणाऱ्या बाईला एवढं जमतंच. आणि शालनला ते लगेच पटलं, कारण ती बाई कसल्या लायकीची आहे हे मीच तर पदर घेऊन, वर्षानुवर्षं, तिला करून दाखवलं होतं. पुढे कोर्टात जायचा विषय निघाला की मी म्हणायचे, त्यांच्याशी कोण भांडणार.

मग मी तिला मिरजेतच एका दवाखान्यात आयाचं काम बघून दिलं. लोक म्हणाले, वहिनी असावी तर अशी. शालनही म्हणते. तिच्या खोलीत गेलं की ती शेजारणींना बोलावून माझी ओळख करून देते. आक्कासाहेबांना मात्र ती अजून शिव्या घालते.

त्या बाईला मी अजूनही स्त्रीवादी म्हणणार नाही. जिथं शेकडो बायका ऐकत होत्या तिथं तिनं त्यांना माना खाली घालायला शिकवलं, आणि शहाणपण एकीला दिलं, तेही दार लावून. ह्याचं कौतुक कसलं करायचं? पण त्या दाराआड ती खरं बोलली. मी दार उघडं ठेवून, हातात हात घेऊन, खोटं बोलले. ती कोण, ह्यावर मी तासभर बोलू शकते. मी कोण, हे मला अजून कुठल्या मुलीनं विचारलेलं नाही.

परवाचं सांगते आणि थांबते. शालन तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका आयाला घेऊन माझ्याकडे आली. जत तालुक्यातली बाई, नवऱ्यानं टाकलेली. तिचे वडील वारले होते आणि भाऊ गावी बोलावत होता. माझ्या वहिनी बायकांच्या हक्काचं सगळं जानतात, असं शालननं तिला सांगून आणलं होतं. ती बाई सोफ्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "भाऊ म्हनतोय, नाव लावायला हापिसात येऊन सही करावी लागती. खरं हाय का, म्याडम?"

माझंच वाक्य. कुणा दुसऱ्याच्या तोंडून फिरून आलेलं.

नाही, एवढा एकच शब्द बोलायचा होता. मांडवामांडवांत मी तो किती सहज बोलते! पण शालन शेजारी बसली होती, चहाचा कप हातात घेऊन, माझ्याकडे कौतुकानं बघत. तो शब्द तिनंही ऐकला असता. मी म्हटलं, कागद बघितल्याशिवाय कसं सांगणार?

ती बाई गोंधळली. तेव्हा शालननंच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लागती की गं. मी बी केलीया. वहिनी हुत्या संगं."

मी दोघींना आणखी चहा ओतला. त्या दोघी गेल्यावर कप विसळले. दुसऱ्या आठवड्यात शालनचा फोन आला — तिची मैत्रीण गावी जाऊन सही करून आली होती, आणि भावानं तिला साडी घेतली होती.