एका दाताचा फरक

सोलापुरात मोटारी नव्या होत्या तेव्हा वैरागला जाणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीची तिकिटं मी फाडायचो. तिच्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. इंजिनातली साखळी बदलताना तो दोन्ही दातेरी चक्रांवरच्या खुणा धोतराच्या सोग्यानं पुसायचा, श्वास रोखून त्या समोरासमोर आणायचा आणि मग हातानं इंजिन दोनदा फिरवून पुन्हा बघायचा.

एका बाजाराच्या दिवशी साखळी नुकतीच बदलून झाली होती आणि उतारू गाडीत बसून ओरडत होते. इंजिन फिरवून बघितल्यावर मिस्त्री म्हणाला, "मालक, साखळी एक दात सरकलीया, ठिणगी अवेळी पडंल. परत खोलाय लागंल."

"एका दातानं काय होतंय? मार हँडल!" गाडीचे मालक खेकसले.

त्यानं इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल पुढून घालून जोरात फिरवलं. हँडलनं उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट कडकन मोडलं.

"साध्या खुणा जुळवता येईनात याला!" उतारूंना ऐकू जाईल असं मालक ओरडले. "उद्यापासून येऊ नकोस."

मिस्त्री माझ्याकडे वळला. "बाबू, तुमी ऐकलंय की. मी आदीच सांगितलं हुतं."

मालकही माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "मी तिकिटं फाडत होतो. माझं लक्ष नव्हतं."

"व्हय, तुमचं काम चाललं हुतं," एवढंच तो म्हणाला आणि मोडका हात छातीशी धरून दवाखान्याच्या वाटेला लागला. त्यानं शिवी दिली असती, तर मी ती केव्हाच विसरलो असतो.

संध्याकाळी मालकांनी माझ्या तिकिटाच्या खिडकीवर चहा पाठवला. मी तो प्यालो.