पाच नंबरची टाकी

दर्पण कॉलनीतली माझी मैत्रीण शामला शिवपुरी रोडवरच्या एका छोट्याशा वायनरीत कॉम्प्युटर सांभाळते. वायनरी तिच्या नवऱ्याची, भालचंद्रची. जांभळाची वाइन करायचं वेड त्याचं. कुठल्या टाकीत काय आहे, कधी गाळायचं, काय फेकायचं, हे सॉफ्टवेअरमध्ये भरणं हिचं. भालचंद्र लॅपटॉपला बोटही लावत नसे. "तू आहेस ना, मग मला कशाला शिकवतेस?" म्हणायचा. रोजची कामं सॉफ्टवेअरमधून आपोआप कामगाराच्या, सौरवच्या, मोबाइलवर जात. ही सोय शामलानंच केलेली, आणि बाईसाहेबांना तिचा कोण अभिमान!

यंदा कुठे भालचंद्रच्या मनासारखी वाइन जमली. पाच नंबरच्या टाकीत बिघडलेला माल होता, तो फेकायचा म्हणून शामलानं सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेलं. सौरव सुट्टीवर, म्हणून भालचंद्रनं स्वतःच तो ओतला, टाकी धुतली आणि ही नवी वाइन तिच्यात भरली. निघताना फोन केला, "पाचात आता आपली खरी वाइन आहे गं. एंट्री करून घे."

"घरी या, मग करते," शामला म्हणाली.

तो घरी पोचलाच नाही. वाटेतच छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

दोन दिवसांनी तिला ती नोंद आठवली. तिनं लॅपटॉप मागितला, तर नणंद उषाताई कडाडल्या, "सुतकात दारूचं काम? लोक काय म्हणतील!" माझं डोकं असं फिरलं! पण मयताच्या घरी भांडायचं कसं?

"राहू दे," शामला मला म्हणाली. "सुतक फिटल्यावर करीन. वाइन कुठे पळून जातेय?" कामं आपोआप जातात, हे त्या दुःखात तिच्या ध्यानातच आलं नाही.

तेराव्याला सौरव जेवायला आला. बिचारा तिला धीर द्यायला म्हणाला, "भाभीजी, फ़िकर मत करना. काम एक दिन नहीं रुका. पाँच नंबर भी खाली कर दी."

शामला वाढता वाढता थांबली. "कैसी थी?"

"खुशबू तो बहुत बढ़िया थी, भाभीजी. बहाने का मन ही नहीं हुआ. पर मोबाइल में लिखा था, खराब माल, फेंक दो. और नीचे आपका नाम था."

भालचंद्र गेला त्या दिवशीही शामला अशी रडली नव्हती.