मनगटावरची तीन बोटं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायको हयात असती तर तिला बोललो असतो का? नसतो, बहुतेक. ती असती तर हे घडलंच नसतं — पण आता तिच्यावर कशाला ढकलू?

आधी आजाराचं सांगतो, ते सोपं आहे. नागापूरच्या कारखान्यात लेथवर उभा असताना एकदा छातीत फडफड सुरू झाली. दोन ठोके घाईघाईने, मग एक गायबच, मग लागोपाठ चार. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, हृदयाचा ताल बिघडलाय, गोळ्या आता जन्मभर. एक ताल सांभाळणारी, सकाळ-संध्याकाळ. दुसरी रक्त पातळ ठेवणारी, म्हणजे हृदयात गुठळी होऊन मेंदूकडे जायला नको. माझ्या मुलीला, सुजाताला, त्यांनी नाडी बघायला शिकवलं. घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट.

तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी ती माझं मनगट धरायची. तीन बोटं, जराशी गार — नुकतीच भांडी घासून आलेली. त्या मिनिटात तिची नजर घड्याळावर, माझी तिच्या बोटांवर. बायको गेल्यापासून मला कुणी असं हाताला धरलं नव्हतं हो. साठीला आलेल्या माणसाने हे बोलावं का? पण खरं तेच आहे. दिवसभर मी त्या एका मिनिटाची वाट बघायचो.

गोळ्या लागू पडल्या, नाडी सरळ झाली. आणि तेव्हाच, सहा वर्षांपूर्वी, सुजाताला हैदराबादला औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आमच्या घरात एम. एस्सी. झालेली ती पहिली. मी गल्लीभर पेढे वाटले, छाती काढून फिरलो. मनात मात्र एकच — आता माझं मनगट कोण धरणार?

मग मी — सांगतो, थांबा. तिला निघायला पाच दिवस होते. ती गोळ्यांचं पाकीट तपासायची. म्हणून मी तालाची गोळी तिच्यासमोर काढायचो, तोंडात टाकायचो, गालात धरायचो, आणि फिरायला बाहेर पडलो की गटारीत थुंकायचो. सकाळ-संध्याकाळ. चार दिवस. रक्त पातळ ठेवणारी मात्र गिळत होतो — मरायचं नव्हतं ना मला! एवढं डोकं चालत होतं. भीती म्हणू याला? नाही, लबाडीच ती.

पाचव्या सकाळी तिने मनगट धरलं. मिनिट संपलं तरी सोडेना. पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं. भरलेली बॅग दारात होती. मान खाली घालून म्हणाली, "आबा, लई उलटसुलट पडत्यात ठोके. मी न्हाई जायची." तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — जा पोरी, चार दिवस गोळी घेतली नाही, घेतो आता. तोंड उघडलं नाही. उलट बरं वाटलं मला. फार बरं वाटलं. त्या संध्याकाळपासून गोळी पुन्हा सुरू केली.

हैदराबादची जागा दुसऱ्या कुणाला गेली. सुजाता आता जामखेडला शाळेत विज्ञान शिकवते, सासरही तिथलंच. रोज सकाळी फोन करून विचारते, आणि मी स्वतःच स्वतःचं मनगट धरून आकडा सांगतो. आपलीच बोटं आपल्याला कळत नाहीत. अजूनही चहाआधी हात आपोआप टेबलावर पुढे जातो, आणि मी तो तसाच थोडा वेळ राहू देतो.

यंदा जयंतीला आमच्या वस्तीत तिला बोलायला बोलावलं होतं. त्याच माईकवरून दरवर्षी मी गरजतो — पोरींना शिकवा, लांब पाठवा, अडवू नका. ती म्हणाली, लोक विचारतात एवढी चांगली नोकरी का सोडली. त्या दिवशी मी गेले असते तर आज आबा इथे बसलेले दिसले नसते, मला कधी पस्तावा झाला नाही. सगळा मंडप टाळ्या वाजवत माझ्याकडे वळून बघायला लागला.

मीही टाळ्या वाजवल्या.